पाडलेल्या जुन्या हॉटेलच्या आठवणी कशा गोळा करायच्या

आमच्या साताऱ्यात राजवाड्याकडचं एक जुनं हॉटेल पाडलं तेव्हा कळलं की बिल्डिंगचा धड एक फोटो कोणाकडे नाही, रोज दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतंय. मी फॅमिली ग्रुपवर 'हॉटेलचे फोटो टाका' म्हणालो तर तीन गुड मॉर्निंग आले. मग 'त्या रस्त्यानं गेलेल्या वरातींचे, गणपती मिरवणुकीचे फोटो टाका' असं विचारलं आणि घोड्याच्या मागं पाटी दिसायला लागली! तुम्हीपण तसंच विचारा.

अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फाटतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलवर घ्या, स्कॅनर मिळाला तर त्याच्या सेटिंगमध्ये ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) ठेवा. मागच्या बाजूचाही घ्या, स्टुडिओचा शिक्का, तारीख तिथंच असते. जागेचा मालक कधी बदलला ते सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डवर फेरफाराच्या नोंदीत सापडतं.

आता माणसं. 'कसं होतं हो हॉटेल' विचारलं की 'लई भारी' एवढंच येतं. त्यापेक्षा कुठल्या टेबलावर बसायचा, बिल कोण द्यायचं, मिसळीसोबत पाव किती, असलं विचारा. जमलं तर जागेवरच घेऊन जा, हात आपोआप उठतो, 'इथं गल्ला, तिथं मोरी'. आणि नुसतं गिऱ्हाइकांना विचारून थांबू नका, वेटर, भांडी घासणाऱ्या मावशी यांनापण गाठा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्ज म्हणून औषधी झऱ्यांचं गाव आहे, तिथलं अवाढव्य ग्रँड युनियन हॉटेल १९५२-५३ च्या सुमारास पाडलं आणि जागेवर सुपरमार्केट आलं, नाव तेच, ग्रँड युनियन. त्याच्या थाटाचं कौतुक होतंच, पण १८७७ मध्ये जोसेफ सेलिगमन या बँकरला ज्यू म्हणून तिथं खोली नाकारली, हेही नोंदलेलं आहे. ते वाचून मी माझ्या यादीत एक प्रश्न वाढवला, 'आत कोण येऊ शकत नव्हतं?'

हा प्रश्न शेवटी विचारा, चहा झाल्यावर, आणि मग गप्प बसा. एका आजोबांनी बराच वेळ घेतला, मग म्हणाले, आमचा चहा बाहेर कट्ट्यावर यायचा, कप आमचा आम्ही धुवायचा. रेकॉर्डिंगचा हा तुकडा कापू नका, मिसळीच्या आठवणींच्याच फोल्डरमध्ये ठेवा, वर तारीख घाला, नाव घालायचं का ते त्यांना विचारून.