अर्धं वाचलेलं पुस्तक परत करा

तालुक्याच्या गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. सातारा जिल्हा, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं वाचनालय, संध्याकाळी पाचनंतर गर्दी. "ताई, वाचायची फार इच्छा आहे हो, पण होतच नाही," असं सांगणारी माणसं नेहमी भेटतात. त्यांना मी एकच विचारते, "घरी आत्ता कुठलं पुस्तक आहे?" बहुतेकांकडे एक पुस्तक अर्ध्यावर पडलेलं असतं. कुणीतरी भरभरून शिफारस केलेलं, जाडजूड. साठ-सत्तर पानं झालेली, पुढे सरकत नाही. हे संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, असं मनाशी ठरवलेलं. मग तारीख उलटते, दंड चढतो, आणि वाचनालयाकडे पाय वळेनासे होतात. वाचन तुटतं ते असं. वेळ मिळत नाही म्हणून वाचन सुटलेली माणसं मी त्या मानाने कमी पाहिली.

तेव्हा आधी एवढं करा: ते पुस्तक उद्या परत आणून द्या. न संपवता. आमच्याकडे कुणीही विचारत नाही की पूर्ण वाचलं का. पुस्तक ठरलेल्या दिवशी परत आलं, पानं जागेवर आहेत, एवढंच आम्ही बघतो.

सोडायचं कधी, यासाठी अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक सोपा हिशेब आहे. वय पन्नासच्या आत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्यायची. पन्नाशी ओलांडली असेल तर १०० मधून आपलं वय वजा करायचं आणि उरतील तेवढीच पानं द्यायची. म्हणजे बासष्ट वर्षांच्या काकूंना ३८ पानं पुरेत आणि ऐंशीच्या आजोबांना २०. हा हिशेब सांगितला की आमची ज्येष्ठ मंडळी खूश होतात आणि हक्काने पुस्तक बदलून नेतात.

यात एक सवलत मात्र ठेवा. पुस्तक कंटाळवाणं असणं वेगळं आणि अनोळखी असणं वेगळं. आपल्याकडे बोलीभाषेत लिहिलेली फार सुंदर पुस्तकं आहेत. माणदेशी बोली आमच्या भागातल्या माणसाला लगेच कळते, पण वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद आले की तोच माणूस दहाव्या पानावर थांबतो. अशा वेळी पुस्तक मिटू नका, संवाद मोठ्याने वाचा. घरात कुणी नसताना वाचा हवं तर. डोळ्याला जो शब्द अडतो तो कानाला पुष्कळदा ओळखीचा लागतो. पंधरा-वीस पानं असं वाचलं की पुढे मनातल्या मनात तीच लय चालू राहते. खूप पात्रं असलेल्या कादंबरीचंही असंच. कोण कुणाचा चुलता, कुठल्या वाड्यात कोण राहतं हे लक्षात राहत नाही म्हणून माणसं कंटाळतात. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाचा तुकडा घ्या, त्यावर नावं आणि नाती लिहीत जा आणि तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. आमच्याकडे परत आलेल्या एका चार पिढ्यांच्या कादंबरीत असा कागद राहून गेला होता, पेन्सिलीने काढलेली पूर्ण वंशावळ. मी तो काढून टाकला नाही. पुढच्या दोन वाचकांनी त्याबद्दल आवर्जून सांगितलं.

आता पुस्तक निवडायचं कसं. कपाटासमोर उभं राहून वाचा. मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नका. पहिली दोन पानं वाचा, मग मधलं कुठलंही एक पान. पहिल्या पानावर प्रत्येक लेखक जीव ओतून लिहितो, मधल्या पानावर त्याचा खरा हात दिसतो. मधल्या पानाने तुम्हाला पुढचं पान उलटायला लावलं तर ते पुस्तक तुमचं.

वाचनालयाच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट बघायला मिळते, जी दुकानात मिळत नाही: शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. शिक्के नीट बघा. वर्षानुवर्षं एखाददुसरा शिक्का आणि मग अचानक लागोपाठ पाच-सहा, असं दिसलं तर समजा की गावात कुणीतरी ते वाचलं, शेजारी सांगितलं आणि पुस्तक घराघरांतून फिरलं. अशा पुस्तकांनी मला क्वचितच निराश केलंय. पण ज्यांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही त्यांच्याकडेही हात न्या. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कोरी चिठ्ठी असलेलं पुस्तक कुणी पहिल्यांदा नेलं की मला तो नियम आठवतो आणि फार बरं वाटतं.

चाळिशीनंतरच्या वाचकांनी यापुढचं नीट वाचावं.

आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक येतात. नोकरीत असताना मुक्कामाच्या गाडीवर रात्री कंदिलापासून ट्यूबपर्यंत मिळेल त्या उजेडात वाचणारा माणूस. निवृत्तीनंतर म्हणाले, "आता मन लागत नाही, ताई. दोन पानं झाली की डोकं जड होतं." मी त्यांना साठच्या दशकातली एक आवृत्ती आणि त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती शेजारी शेजारी उघडून दिली. जुन्यात बारीक टाइप, पिवळा कागद, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. नव्यात मोकळं छापलेलं. नवी आवृत्ती ते तिथेच बाकावर बसून वाचायला लागले. मग डोळे तपासून घ्या म्हटलं, तर चाळिशीचा नंबर कितीतरी पुढे गेलेला. मन लागत नाही असं वाटतं तेव्हा आधी चष्मा, उजेड आणि टाइप तपासा. रात्री छतावरच्या दिव्यापेक्षा डाव्या खांद्यामागून येणारा उजेड चांगला, पानावर स्वतःची सावली पडत नाही. वाचनालयात एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असतील तर मोठ्या टाइपची मागून घ्यायला संकोच करू नका.

वेळेचं सांगते, पण थोडक्यात. रोज १५ पानं वाचली तर वर्षाची साडेपाच हजारांच्या आसपास पानं होतात. साधारण २०० पानांचं पुस्तक धरलं तर ती २७ पुस्तकं झाली. १५ पानांना बहुतेकांना अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास रोज एकाच जागी, एकाच कामाला जोडून ठेवा: सकाळचा दुसरा चहा, दुपारचं आडवं होणं, मुलांच्या क्लासबाहेरची वाट बघणं. रात्री अंथरुणात वाचायचं असेल तर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून या. उशाशी असला की हात जातोच. आणि पुस्तक कपाटात ठेवू नका, बसता तिथे ठेवा.

घरात एका वेळी दोन पुस्तकं असू द्यात, एक जड आणि एक हलकं. दिवसभर कामाने शिणलेल्या माणसाने रात्री दहाला वैचारिक ग्रंथ उघडायचा आणि झोप आली म्हणून स्वतःला बोल लावायचा, हे मला पटत नाही. त्या वेळी रहस्यकथा वाचा, विनोदी लेख वाचा, प्रवासवर्णन वाचा. जड पुस्तकाला रविवारची सकाळ द्या. त्याची एका बैठकीत आठ पानं झाली तरी भरपूर.

ज्यांचं वाचन पूर्ण बंद पडलंय त्यांना मी कादंबरी देतच नाही, दिवाळी अंक देते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाची ही हक्काची मेजवानी चालू आहे. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. वेगळी छोटी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. एक कथा आठ-दहा पानांची, एका चहात संपते. नाही आवडली तर पुढची. अंक पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही, व्यंगचित्रांपासून सुरू करा, मधूनच एखादा लेख वाचा. पण एक काम करा: जी कथा दुसऱ्या दिवशीही डोक्यात राहिली तिच्या लेखकाचं नाव लिहून ठेवा आणि वाचनालयात येऊन त्याच लेखकाचा कथासंग्रह मागा. संग्रह आवडला की त्याची कादंबरी. आमच्याकडचे कितीतरी पक्के वाचक या वाटेने आलेत. होळीपर्यंत अंक वाचत होते, उन्हाळ्यात पुस्तकांकडे वळले.

ऐकणं हे वाचन आहे का, यावर आमच्या वाचक मेळाव्यात जोरात वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: आहे. पोळ्या लाटताना, शेतावर जाता-येता, स्टोरीटेलसारख्या ॲपवर एखादं आत्मचरित्र ऐकणारी बाई त्या पुस्तकाबद्दल जे बोलते ते कुठल्याही वाचकापेक्षा उणं नसतं. आत्मचरित्रं आणि रहस्यकथा ऐकायला उत्तम. आकडे, तळटीपा, नकाशे असलेली पुस्तकं मात्र हातात घेऊनच वाचावीत.

आणि घरात मोठ्याने वाचा. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांना रोज एक प्रकरण वाचून दाखवायला लागले. त्या जपमाळ घेऊन बसायच्या, पण माळ थांबलेली असायची. नायिकेचा नवरा खोटं बोलला की "मेल्या!" म्हणून त्याला तिथेच झापायच्या. मी वाचता वाचता थांबले की "पुढं?" एवढंच विचारायच्या. शस्त्रक्रिया झाली, नजर आली, तरी त्यांनी वाचून दाखवणं सोडू दिलं नाही. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता, अभ्यासाचं पुस्तक समोर धरून सगळं ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुढचं प्रकरण स्वतःच वाचून टाकायचा. मुलं वाचायला शिकली की आपण त्यांना वाचून दाखवणं बंद करतो. करू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही गोष्ट ऐकायला आवडते, तो फक्त मागत नाही.

वर्षात ५० पुस्तकं, १०० पुस्तकं असे संकल्प मला आवडत नाहीत. ते सोडणारे तर पाहिलेच, पण पूर्ण करणारेही पाहिले. डिसेंबरमध्ये ते कपाटातली सगळ्यात पातळ पुस्तकं शोधत फिरतात. त्यापेक्षा एक वही ठेवा. पुस्तकाचं नाव, लेखक, वाचून संपल्याची किंवा सोडल्याची तारीख आणि एक ओळ. गोष्टीचा सारांश नको. त्या पुस्तकातलं काय तुमच्यापाशी राहिलं ते लिहा. सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद करा, पुढे पाच-सात वर्षांनी त्यातलं एखादं पुन्हा घ्यावंसं वाटतं आणि तेव्हा ते सरसर वाचून होतं.

पुस्तकं विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, हे मला टेबलावर बसून रोज दिसतं. मराठी विश्वकोश आमच्या जिल्ह्यातल्या वाईत घडला, तो आता इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर अर्धा दिवस भिलारला द्या. स्ट्रॉबेरीचं हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीत बसून वाचा. मुलांना घेऊन जा, पण त्यांना कुठल्या घरात शिरायचं ते सांगू नका.

बाकी सगळ्यासाठी गावचं वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, त्यामुळे वर्गणी माफक ठेवता येते. सभासद व्हायला साधारण ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, अनामत आणि महिन्याची वर्गणी लागते. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, पावती जपून ठेवा. शक्य असेल तर मुक्तद्वार असलेलं वाचनालय निवडा, जिथे स्वतः कपाटांमध्ये हिंडता येतं. आणि टेबलावर येऊन "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नका, त्यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. शेवटचं कुठलं पुस्तक जेवण विसरून वाचलंत ते सांगा, कुठलं मध्येच सोडलंत तेही सांगा. संध्याकाळच्या गर्दीत आम्हाला दोन मिनिटंही सापडत नाहीत, सकाळी दहाच्या सुमाराला आलात तर तुमच्याबरोबर कपाटापर्यंत येता येतं.