काळ्या अस्वलांच्या जंगलात हँडगन घेऊन जाताय? मग हे वाचा

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हँडगनने काळं अस्वल मारायला परवानगी आहे पण प्रत्येक राज्याचे कॅलिबरचे (म्हणजे गोळीच्या जाडीचे) नियम वेगळे, ते आधी बघा. कॅनडात तर हँडगनने शिकार चालतच नाही. पॉइंट ४४ मॅग्नम ही जोरदार गोळी लोकांची जुनी आवडती, पण रिकॉइल (गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का) झेपत नसेल तर उगाच हौस नको, नेम लागणं जास्त महत्त्वाचं. अस्वलाची बाजू तुमच्याकडे असेल तेव्हाच गोळी मारा, खांद्याच्या जरा मागे, आणि जवळून. समोरून डोक्यावर मारायला जाऊ नका, कवटी उतरती असते, गोळी घसरू शकते.

आता स्वतःच्या बचावाचं, म्हणजे खरं तर बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) आधी हातात हवा, बॅगेत नाही, आणि अस्वल साधारण ८-९ मीटरवर आलं की मारायचा, वारा कुठून येतोय ते बघून, नाहीतर स्वतःच्याच डोळ्यात. पळू नका, ते ताशी ५० किमीच्या आसपास धावतं, झाडावरही तुमच्यापेक्षा भारी चढतं. मोठं दिसा, ओरडा, हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग नको, जे हातात येईल त्याने थोबाडावर हाणा. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कात गन जवळ बाळगता येते, राज्याच्या कायद्याप्रमाणे, पण झाडायला मनाई आहे.