ऱ्होडेशियावर लिहिताना या चुका टाळा

११ नोव्हेंबर १९६५ रोजी ऱ्होडेशिया या ब्रिटिश वसाहतीतल्या (आजच्या झिंबाब्वेतल्या) इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनला न जुमानता स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढे एकाही देशाने या राज्याला मान्यता दिली नाही. इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर असते. घोळ होतो तो बहिष्काराची सगळी वर्षे एकाच मापाने मोजल्यामुळे.

‘संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्येच व्यापार बंद केला’ हे वाक्य सर्रास दिसते. प्रत्यक्षात त्या नोव्हेंबरातला सुरक्षा परिषदेचा ठराव २१७ हे आवाहन होते. बंधनकारक निर्बंध आले १६ डिसेंबर १९६६ च्या ठराव २३२ ने, तेही ठरावीक मालापुरते. जवळपास सगळा व्यापार बंद केला तो २९ मे १९६८ च्या ठराव २५३ ने, आणि त्यातही औषधे व शाळांचे साहित्य वगळले होते. त्यामुळे ‘निर्बंध’ लिहिताना ठरावाचा क्रमांक शेजारी लिहाच.

तेलाबाबत तर हमखास चुकते. ब्रिटिश नौदलाने १९६६ ते १९७५ शेजारच्या मोझांबिकमधल्या बैरा बंदराबाहेर पहारा ठेवला, कारण ऱ्होडेशियाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे जाणारी पाइपलाइन तिथून निघत होती. पहारा चोख असला तरी तो एकाच दारावर होता. तयार इंधन लॉरेन्सो मार्क्स (आजचे मापुतो) आणि दक्षिण आफ्रिकेमार्गे येतच राहिले. त्यात शेल आणि बीपी यांच्या कंपन्यांचा हात होता, हे ब्रिटनच्याच बिंगहॅम अहवालाने १९७८ मध्ये मांडले. म्हणून ‘तेल तोडले’ असे लिहू नका.

मदत म्हणजे मान्यता नव्हे. दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगाल यांनी मदत भरपूर केली, अधिकृत मान्यता मात्र दिली नाही.

व्यापाराचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. ऱ्होडेशियाचा तंबाखू आणि क्रोम शेजारच्या देशांच्या उगम-दाखल्यांवर (माल कुठला ते सांगणाऱ्या कागदांवर) बाहेर जात होते. शेजाऱ्याची निर्यात त्याच्या स्वतःच्या उत्पादनाशी ताडून पाहा. फरक बराच काही सांगून जातो. अमेरिकेत जाणारे क्रोम मात्र चोरीछुपे नव्हते: १९७१ च्या बर्ड दुरुस्तीने, म्हणजे अमेरिकेच्याच कायद्यातल्या सवलतीने, ते उघडपणे जात होते आणि १९७७ मध्ये ती सवलत रद्द झाली.

१९६५ पासून ‘प्रजासत्ताक’ म्हणणेही चूक. सुरुवातीला हे सरकार ब्रिटनच्या राणीशी निष्ठा सांगत होते. तरीही मार्च १९६८ मध्ये राणीने फाशी माफ केलेल्या तिघांना त्यांनी फासावर चढवले. प्रजासत्ताक झाले २ मार्च १९७० ला.

शेवटाचे श्रेय नुसत्या निर्बंधांना देऊ नका. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये सत्तापालट झाला, १९७५ मध्ये पोर्तुगालची वसाहत मोझांबिक स्वतंत्र झाले आणि मार्च १९७६ मध्ये त्याने सीमा बंद केली. त्यात स्मिथ सरकारविरुद्धचे गनिमी युद्ध वाढले आणि दक्षिण आफ्रिकेचा दबावही आला.

अखेरची तारीखही तपासा. जून १९७९ मधले ‘झिंबाब्वे ऱ्होडेशिया’ हे नवे नावही कोणी मान्य केले नाही. १२ डिसेंबर १९७९ ला लॉर्ड सोम्स गव्हर्नर म्हणून आले आणि ब्रिटिश अंमल परतला. १८ एप्रिल १९८० ला झिंबाब्वे स्वतंत्र झाला. मधले चार महिने बंडखोर राज्यात मोजू नका.