डायव्हिंगच्या बोटीवर या चुका टाळा: बक्षिसी आणि वागणूक

मालवणच्या धक्क्यावरून सकाळी डायव्हिंगची बोट सुटते तेव्हा पर्यटकाचे लक्ष सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाकडे आणि पाण्याच्या रंगाकडे असते. त्याआधी दोन-तीन तास कोणीतरी कॉम्प्रेसरशेजारी बसून एकेक सिलिंडर भरून ठेवलेला असतो. रिकामा असतानाही चौदा-पंधरा किलोंचा असणारा तो सिलिंडर खांद्यावर घेऊन, गुडघाभर पाण्यातून चालत, कोणीतरी बोटीत चढवलेला असतो. हे काम करणारा खलाशी पुढे दिवसभर बोटीच्या मागच्या बाजूला इंजिनापाशी बसतो आणि बहुतेक पर्यटकांना त्याचा चेहराही नंतर आठवत नाही. बक्षिसीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच विस्मरणात आहे, असे मला अनेक वर्षे या बोटींवर बसल्यानंतर ठामपणे वाटते.

पाणी गढूळ होते म्हणून हात आखडता घेणे

ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत अन्यायाची चूक आहे. पाण्याखाली किती दूरचे दिसेल हे वारा, भरती-ओहोटी आणि हंगाम ठरवतात. पावसाळा नुकताच सरलेला असेल तर किनाऱ्यालगत नद्यांनी आणलेला गाळ पुरता खाली बसलेला नसतो, आणि एखाद्या दिवशी सकाळी स्वच्छ असलेले पाणी दुपारी वारा फिरल्यावर मळकट होते. अशा पाण्यात तुमचा हात घट्ट धरून तुम्हाला फिरवून आणणाऱ्या प्रशिक्षकाला उलट अधिक डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते.

डाइव्ह रद्द झाली की तर लोक पाकिटाला हातच लावत नाहीत. कर्नाटकातील मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाकडे निघालेल्या एका बोटीवर मी होतो. किनाऱ्यापासून सुमारे एकोणीस किलोमीटरवर असलेल्या त्या बेटाच्या अर्ध्या वाटेवर वारा वाढला, लाटा बोटीवर आडव्या येऊ लागल्या आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या मुख्य चालकाने, कोणाशी वाद न घालता बोट वळवली. परतीच्या वाटेवर दोन जण मोठ्या आवाजात पैसे परत मागत राहिले. किनाऱ्याला लागल्यावर सगळे भराभर उतरून निघून गेले, आणि खलाशी न वापरलेले सिलिंडर पुन्हा एकेक करून खाली उतरवू लागले. त्या दिवशी त्यांचे श्रम तितकेच झाले होते आणि तांडेलाचा निर्णय त्या सबंध आठवड्यातला सर्वांत मोलाचा होता. पैसे परत मिळण्याचा प्रश्न काउंटरवर मालकाशी बोलून सोडवावा. बोटीवरच्या माणसांची बक्षिसी त्यात अडकवू नये.

एकाच माणसाला देणे

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी पहिल्यांदा पाण्यात उतरणारा पर्यटक आपला हात धरणाऱ्याला किंवा व्हिडिओ काढणाऱ्याला खूश करून मोकळा होतो. ते समजण्यासारखे आहे, कारण पाण्याखालच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत जगात दुसरा कोणी आधार नसतो. प्रशिक्षकाला अवश्य द्यावे. एक पर्यटक वर आला की दुसऱ्याला घेऊन तो लगेच खाली जातो, आणि दुपारी तो बोटीत चढतो तेव्हा त्याच्या बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतलेली असतात आणि उन्हात बसूनही त्याला हुडहुडी भरलेली असते. तरीही बोट एकटा प्रशिक्षक चालवत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे उतरण्यापूर्वी तांडेलाला विचारावे, “दादा, बक्षिसी सगळ्यांची एकत्र असते की वेगवेगळी?” एकत्र असेल तर सर्वांच्या देखत “ही सगळ्यांची” असे म्हणून द्यावी, म्हणजे नंतर वाटणीवरून कुरबुर होत नाही. डायव्हिंग सेंटरचा मालक स्वतःच तुम्हाला घेऊन उतरला असेल तर त्याला बक्षिसी देण्याची गरज नाही. ती रक्कम खलाशांकडे जाऊ द्यावी.

किती द्यावे, याला आपल्याकडे ठरलेला दंडक नाही. माझे मत विचाराल तर पहिल्यावहिल्या छोट्या डाइव्हसाठी माणशी शंभर-दोनशे रुपये आणि प्रमाणपत्रधारक डायव्हरने दोन डाइव्हच्या पूर्ण दिवसासाठी तीनशे ते पाचशे रुपये देणे योग्य आहे. ज्यांना तेवढे शक्य नाही त्यांनी कमी द्यावे, संकोच मानू नये. मात्र धक्क्यावरच्या मध्यस्थाशी घासाघीस करून दर पाडून घ्यायचा आणि मग “इतके पैसे तर आधीच दिले” म्हणून बक्षिसी नाकारायची, हे बरे नव्हे. त्या दरातला काही भाग अनेकदा मध्यस्थाच्या दलालीत जातो, आणि दर पाडला की त्याची झळ शेवटी बोटीवरच्या माणसाला लागते.

परदेशातला अंदाज बांधून चालणे

मालदीवमध्ये किंवा इजिप्तच्या लाल समुद्रात आठवडाभर बोटीवरच राहून डायव्हिंग करणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. तिथे सहलीच्या रकमेच्या सुमारे दहा टक्के बक्षिसी देण्याची पद्धत सर्वसाधारणपणे सांगितली जाते आणि शेवटच्या रात्री त्यासाठी पाकिटे किंवा एक पेटी ठेवलेली असते. मार्गदर्शक आणि बाकीचे कर्मचारी यांची पाकिटे वेगळी आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर हिशेब सिलिंडरमागे होतो आणि एका सिलिंडरला पाच ते दहा डॉलर हे सामान्य मानले जाते. तिथल्या सवयीने कोणी मालवणात डॉलरची नाणी हातावर ठेवतो, तेव्हा तो घेणाऱ्याला अडचणीत टाकतो, कारण परदेशी नाणी बँकेत बदलून मिळत नाहीत. इजिप्तमध्ये आणि मालदीवमध्येही फाटक्या किंवा लिहिलेल्या डॉलरच्या नोटा नाकारल्या जातात. म्हणून छोट्या आणि कोऱ्या नोटा घरूनच न्याव्यात.

पैसे किनाऱ्यावर ठेवून येणे

वेटसूटला, म्हणजे पाण्यात घालायच्या अंगालगत पोशाखाला, खिसा नसतो, मोबाइल लॉजवर असतो आणि समुद्रात रेंजचा भरवसा नसतो. त्यामुळे देण्याची इच्छा असूनही अनेकांचे राहून जाते. शंभराच्या चार-पाच नोटा पाणी न शिरणाऱ्या छोट्या पिशवीत घालून कोरड्या सामानात ठेवल्या की हा प्रश्न उरत नाही. एका तांडेलाला मी ओली झालेली नोट इंजिनाच्या गरम झाकणावर पसरून, वर बोट दाबून, सुकेपर्यंत तसेच उभे राहिलेले पाहिले आहे. तेव्हापासून मी कोणाच्या हातावर ओली नोट ठेवलेली नाही.

बोटीवरची वागणूक

वागणूक वाईट असेल तर मोठी बक्षिसीही ती भरून काढत नाही. बोटीवरची जागा थोडी असते आणि तिथे एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा दुसऱ्याला होते. सिलिंडर उभा करून पाठ फिरवणे ही त्यातली सर्वांत धोक्याची सवय आहे; लाट आली की तो आडवा होतो आणि कोणाच्या तरी पायावर पडतो. पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचा शिशाच्या वजनाचा पट्टा देताना तो फक्त बकलाच्या टोकाला धरला तर मोकळ्या टोकाने वजने घसरून पडतात. म्हणून बकल आणि टोक अशी दोन्ही बाजूंनी पकड घेऊन तो खलाशाच्या हातात द्यावा आणि त्याने पकडल्याची खात्री झाल्यावरच सोडावा. वर येताना शिडीवर एक जण असेल तर त्याच्या बरोबर खाली थांबू नये, बाजूला दोरी धरून राहावे. वर चढणाऱ्याचा हात सुटला तर तो पाठीवरच्या सिलिंडरसह खाली कोसळतो.

सूचना सांगितल्या जात असताना मोबाइलवर चित्रण करत बसू नये. हाताच्या खुणा, कान मोकळे करण्यासाठी नाक दाबून हलकेच फुंकण्याची रीत, श्वास कधीही रोखून न धरण्याचा नियम हे सगळे त्या दहा मिनिटांत सांगितले जाते, आणि ते ज्याने ऐकले नाही त्याच्यामुळे पाण्याखाली प्रशिक्षकाचा जीव टांगणीला लागतो. दमा, फिट येणे, कानाचे दुखणे किंवा आदल्या रात्रीचे मद्यपान लपवणे हीदेखील वागणुकीचीच बाब आहे. लेखी फॉर्मवर खोटे उत्तर लिहिणारा माणूस आपला धोका दुसऱ्याच्या हातात देतो, आणि तेही त्याला न सांगता.

बोट लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी आणि पोट अगदी रिकामेही ठेवू नये. उलटी आलीच तर वारा जिकडे वाहतो आहे त्या बाजूच्या काठावर जावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खलाशांनी हे रोज पाहिलेले असते आणि ते पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभे राहतात. त्यांना “ए”, “अरे” असे हाकारू नये. दादा, काका म्हणावे आणि पहिल्या पाच मिनिटांत नाव विचारून घ्यावे.

बक्षिसीचे आमिष दाखवून नियम मोडायला लावणे

“शंभर जास्त देतो, जरा खोल ने”, “एखादा शंख काढून दे”, “माशांना पाव टाक, व्हिडिओ छान येईल” ही वाक्ये मी पुष्कळदा ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा मागणारा पर्यटक दुसऱ्या दिवशी घरी जातो, पकडला जातो तो स्थानिक मुलगा. असाच आग्रह परतीच्या दिवशी “शेवटची एक डाइव्ह” म्हणून होतो. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. संध्याकाळचे विमान असेल तर सेंटरवाल्याने दिलेला नकार मुकाट्याने मान्य करावा.

चूक होऊन गेली असेल तर

वजनाचा पट्टा किंवा मास्क पाण्यात पडला असेल तर बोट हलण्यापूर्वी लगेच सांगावे. नांगर उचलल्यावर ती जागा पुन्हा सापडणे कठीण असते. एकालाच बक्षिसी दिली गेली असेल तर धक्क्यावर उतरताना तांडेलाच्या कानावर घालावे. कोणी बक्षिसीसाठी अडून बसले किंवा उद्धटपणे बोलले तर बोटीवर वाद न वाढवता नंतर मालकाला सांगावे, आणि चांगल्या कामाबद्दलही त्या माणसाचे नाव घेऊन मालकाजवळ सांगावे, कारण पुढच्या हंगामात त्याला कामावर ठेवताना ते उपयोगी पडते. द्यायचे राहूनच गेले असेल तर काउंटरवर अनोळखी क्यूआर कोडवर पैसे टाकण्यापेक्षा त्या माणसाचा स्वतःचा कोड मागून घ्यावा, किंवा संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर चक्कर मारावी. त्या वेळी तीच मुले वेटसूट आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण) गोड्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घालत असतात.