‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले’: मोबाईल वापरताना या चुका टाळा

मागच्या लग्नसराईत माझ्या मावशीच्या व्हॉट्सॲपवर एक पत्रिका आली. पाठवणारा नंबर ओळखीचा, तिच्या भिशीतल्या बाईंचा. फाईलचं नाव ‘लग्नपत्रिका’, पण शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे ती ॲप बसवणारी फाईल. मावशीनं ती दाबली. ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का, असं फोननं विचारलं. तिनं हो म्हटलं. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पत्रिका काही उघडली नाही. नेट स्लो असेल, असं समजून तिनं फोन चार्जिंगला लावला. रात्रीतून खात्यातले पैसे तीन वेळा गेले आणि सकाळी माहेरच्या ग्रुपवर तिच्याच नावानं तीच पत्रिका पोचलेली होती.

ती सारखी एकच सांगत होती, ‘अरे, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही.’ खरं होतं ते. आपण घरच्यांना वर्षानुवर्षं तेवढंच बजावत आलो. पण एसएमएसची परवानगी मिळालेलं ॲप ओटीपी स्वतःच वाचतं आणि चोराकडे पाठवतं. कुणाला काही सांगावं लागतच नाही.

पत्रिका म्हणजे फोटो असतो, व्हिडिओ असतो किंवा पीडीएफ. ती बघायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. आरटीओचं चलन, बँकेचं केवायसी, थकलेलं वीजबिल या नावांनीही अशाच फाईली फिरतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर या सगळ्यांची परवानगी बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे. घरातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनवर ते आजच करा, अगदी मुलांच्या जुन्या फोनवरसुद्धा.

फाईल दाबली गेलीच असेल, तर खरं नुकसान पुढच्या घाईत होतं. बहुतेक जण त्याच फोनवर बँकेचा पासवर्ड बदलायला बसतात, म्हणजे नवा पासवर्डही त्या ॲपच्या हाती लागू शकतो. आधी फ्लाईट मोड लावा, वायफायही बंद झालंय ना ते बघा. सिम काढून एखाद्या साध्या, बटणांच्या फोनमध्ये घाला. बँकेचे फोन आणि मेसेज त्याच नंबरवर येणार आहेत. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगा आणि १९३० ला फोन लावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम आणि वेळ कागदावर लिहूनच फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. वाटेत अडवता आले तरच हाती लागतात. मावशीची तक्रार दुपारी नोंदली गेली. तिसऱ्या व्यवहाराची रक्कम अडकवता आली, पहिल्या दोन निघून गेल्या.

ओशाळून मेसेज आणि फाईल पुसून टाकण्याची चूकही सर्रास होते. पुसण्याआधी दुसऱ्या फोननं त्यांचे फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतात. ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब झालेलं असू शकतं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत ते शोधा. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल, तर त्यानं ‘डिव्हाईस ॲडमिन’चा, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचा, अधिकार घेतलेला असू शकतो, तो आधी काढा. माझं मत विचाराल तर फोटो वाचवा आणि फोन फॅक्टरी रीसेट करून टाका. मनातली धाकधूक जाते.

‘आपलीच चूक, बँक काय करणार’ म्हणून गप्पही बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तो घ्या. व्हॉट्सॲपला सहा अंकी ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ लावा, म्हणजे एसएमएसचा कोड चोरला तरी दुसऱ्या फोनवर तुमचं खातं सहजासहजी उघडता येणार नाही. नंबर बदलला असेल तर बँकेत, आधारला आणि ईमेलला आधी कळवा, मगच जुनं सिम सोडा. तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात.

झेरॉक्सच्या दुकानाचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. आपण आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. घरी येऊन ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं, तरी त्याच्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये फाईल तशीच पडून असते. तिथेच उभं राहून ती पुसायला लावा, रीसायकल बिनमधूनही. आणि चालत असेल तिथे मास्क्ड आधारच द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉकही करून ठेवा. अंगठ्यानं पैसे काढायचे असतील तेव्हा तेवढ्यापुरतं उघडता येतं.

एक काम आमच्याकडूनही राहिलं होतं. सगळं निस्तरल्यावर मावशीनं भिशीतल्या बाईंना फोन केला. त्यांच्या फोनवरून आठ दिवस पत्रिका जात होती. ज्यांना ती चुकीची वाटली त्यांनी गुपचूप पुसली, आणि बाईंना कुणीच सांगितलं नव्हतं.