जनरेटरचा ट्रेलर ओढायचा तर गिअर कुठला घ्यावा?

बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमचा जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा आहे. बाबांनी सुरू केला, गेली नऊ वर्षं मी बघते. तीन जनरेटर आहेत, तिन्ही ट्रेलरवर बसवलेले, आणि मोठा ट्रेलरसकट दोन टनांच्या आसपास भरतो. लग्नसराईत बेळगाव, खानापूर, निपाणी; जत्रांच्या दिवसांत गावोगाव; डिसेंबर आला की गोव्याकडची कामं, म्हणजे चोर्ला घाट. जुनी पिकअप काढून नवी घ्यायची वेळ आली तेव्हा मॅन्युअल की ऑटोमॅटिक यावर आमच्या घरात महिनाभर वाद चालला होता. आता तोच प्रश्न घेऊन मंडपवाले आणि साऊंडवाले माझ्याकडं येतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ओझं ओढताना गिअरचं नुकसान होतं ते जोरामुळं कमी आणि तापल्यामुळं जास्त. त्यामुळं "कुठला जास्त ताकदीचा" हे विचारण्याआधी "माझ्या कामात उष्णता कुठं तयार होणार आणि ती बाहेर कशी पडणार" हे विचारा.

मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण सोडला की इंजिन आणि चाकं थेट जोडली जातात, मग घसरायला काही उरत नाही. दोनशे किलोमीटर ओढा, क्लचच्या प्लेटला काही होत नाही. ती झिजते ती फक्त अर्ध्या क्लचवर, म्हणजे गाडी उचलताना, चढावर थांबून निघताना, रिव्हर्स घेताना आणि मुंगीच्या पावलानं सरकताना. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. एका गणपतीला आमच्या जुन्या मॅन्युअल पिकअपमागं मोठा जनरेटर होता आणि मिरवणूक रात्रभर कपिलेश्वर तलावाकडं सरकत होती. माणसं नाचतात त्या वेगानं गाडी चालवायची. पिकअपचा पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी माणसांच्या अंगावर जाते, म्हणून पाय सतत अर्ध्यावर. पहाटे जळक्या चिंध्यांसारखा वास यायला लागला. तरी मी तशीच घरी आणली. दोन दिवसांनी उद्यमबागेत मेस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला आणि प्लेट माझ्या हातात दिली. अस्तर इतकं झिजलेलं, की रिव्हेटची डोकी वर आली होती. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग होते आणि नखानं चाचपलं तर बारीक भेगा लागत होत्या. मेस्त्री एवढंच म्हणाला, "अक्का, हे एका रात्रीचं काम न्हवं, पण शेवट त्या रात्रीनं केला बघा."

त्याच मिरवणुकीत आमच्या पुढं एक ट्रॅक्टर होता. मागं भरलेली ट्रॉली, त्यावर मूर्ती आणि वीस माणसं, आणि त्याचा क्लच सकाळी ठणठणीत. तोही मॅन्युअलच. फरक आहे तो खालच्या गिअरचा. ट्रॅक्टरचा लो-पहिला एवढा हळू असतो, की क्लच पूर्ण सोडूनही तो माणसाच्या चालीनं जातो. म्हणून मॅन्युअल घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे, की गाडी भरून पहिल्या गिअरात ॲक्सिलेटर न देता, क्लच पूर्ण सोडून ती किती हळू चालते ते बघा. ती तुमच्या चालीपेक्षा पुष्कळ जोरात पळत असेल तर मिरवणुकीचं काम तिला देऊ नका. फोर-बाय-फोर गाडीत फोर-लो असतो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा खास हळू गिअर, तो इथं खूप उपयोगी पडतो. पण सुक्या डांबरावर फोर-लो लावून वळू नका. पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण आतल्या दांड्यांवर येतो.

चढाचं गणित सोपं आहे. शंभर फुटांना पाच फूट चढणाऱ्या रस्त्यावर दोन टनांचा ट्रेलर साधारण 100 किलोच्या जोरानं मागं खेचतो. दहा फूट चढ असेल तर 200 किलोच्या. पिकअपचे स्वतःचे दोन टन धरले की हेच आकडे दुप्पट. अशा ठिकाणी थांबून पुन्हा निघायचं म्हणजे तेवढा सगळा जोर काही क्षण त्या एका प्लेटवर पेलायचा.

आता ऑटोमॅटिक. इथं लोक सगळ्यात मोठी चूक करतात. क्लचचं पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच बघतात. आत काय आहे ते विचारत नाहीत, आणि खरा निर्णय तिथंच आहे.

लहान गाड्यांत येतो तो एएमटी. तो मॅन्युअलच आहे. तोच क्लच, तीच प्लेट, फक्त पाय यंत्राचा. अर्ध्या क्लचवर तो तसाच तापतो, आणि चढावर गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडतो. मागं ट्रेलर असला की तो क्षण लांब वाटतो. लहान एएमटी गाडीला ट्रेलर लावू नका, यात मला दुमत नाही. मोठ्या ट्रकचं वेगळं आहे. व्होल्वोचा आय-शिफ्ट 2001 पासून आहे, बारा गिअर, आणि असले बॉक्स ओझ्यासाठीच बनवलेले असतात. नाव एक असलं तरी दोन्हींची तुलना करू नका. ड्युअल क्लच, म्हणजे एकाच बॉक्सला दोन क्लच, विशेषतः सुक्या (तेलात न बुडणाऱ्या) क्लचचा, सरकत्या गर्दीत तापतो आणि मग गाडी इशारा देऊन थांबते. तोही ट्रेलरला नको.

ट्रेलरसाठी घ्यायचा तर टॉर्क कन्व्हर्टरवाला. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये प्लेट नसते, तेल असतं. इंजिनाकडचं चक्र तेल फेकतं आणि त्या तेलानं गिअरकडचं चक्र फिरतं. मध्ये तिसरं एक चक्र परतणाऱ्या तेलाला दिशा देतं. त्यामुळं गाडी उभी असताना इंजिनाचा जोर जवळपास दुपटीनं वाढून पुढं जातो. चढावर थांबून निघताना नेमकं हेच हवं असतं. अस्तर झिजत नाही, कारण घासायला काही नाही. मात्र ती उष्णता तेलात जाते, आणि तेल सतत 120 अंशांच्या वर राहिलं तर झपाट्यानं खराब होतं. म्हणून ट्रेलर ओढणार असाल तर गिअरच्या तेलाला कूलर आहे का ते विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर गाडी उचलून मेस्त्रीला दाखवा.

आणखी एक कागद बघायचा. एकाच गाडीच्या दोन्ही प्रकारांत टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा वेगळा असू शकतो. टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटर डिझेल इंजिन मॅन्युअलला 420 न्यूटन-मीटर देतं, ऑटोमॅटिकला 500. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेल प्रकारात मॅन्युअलला 370, ऑटोमॅटिकला 400. त्याबरोबर गाडीच्या पुस्तकातलं ट्रेलरचं पान वाचा. किती वजन ओढायचं ते दोन्ही गिअरांसाठी वेगळं दिलेलं असू शकतं, आणि काही गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर लावूच नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हे पैसे भरायच्या आधी वाचायचं.

उताराकडं फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, आणि घाटाखालचं साखळी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. कणकुंबीपर्यंत, जिथं मलप्रभा उगम पावते, रस्ता जंगलातून खाली-वर करत जातो. चोर्ल्यानंतर मात्र नुसता उतार. चार टनांची जोडी 700 मीटर खाली आली की त्यातून जेवढी उष्णता निघते, तेवढीनं 80 लिटरच्या वर गार पाण्याला उकळी येईल. थोडी वारा आणि टायर खातात. उरलेली ब्रेकमध्ये घालायची की इंजिनानं अडवायची, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. मॅन्युअलमध्ये उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाका आणि क्लचला पाय लावू नका. ऑटोमॅटिकमध्ये दांडी "डी" वर सोडून उतरू नका. "एम" वर, म्हणजे गिअर आपण ठरवतो तिथं, घेऊन दुसऱ्यात धरा. नाहीतर गाडी आपल्या मनानं वरचा गिअर घेते आणि मागून ट्रेलर रेटतो. ब्रेक सतत दाबून धरू नका. घट्ट दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे लोक मी वंटमुरी घाटात बघितलेत. ट्रेलर मागं असताना हे कोणी करू नये, हात जोडून सांगते.

चढतानाही ऑटोमॅटिकला "एम" मध्ये धरणं चांगलं. नाहीतर तो चौथा-पाचवा, चौथा-पाचवा करत राहतो, कन्व्हर्टरची दोन्ही चक्रं थेट जोडणारं आतलं लॉक सारखं सुटतं आणि तेल तापतं.

रिव्हर्समध्ये आमचा निकाल लागला. लग्नाच्या हॉलमागच्या बोळात ट्रेलर बोटभर बोटभर सरकवावा लागतो. मॅन्युअलमध्ये तिथं दहा मिनिटांत क्लचचा वास येतो. कन्व्हर्टरवर नुसत्या ब्रेकवर पाय ठेवून गाडी मागं नेता येते. आमच्या मोठ्या ट्रेलरला रेट्याचे ब्रेक आहेत, पिकअपनं वेग कमी केला की ट्रेलर पुढं रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. रिव्हर्स घेताना त्याची पिन लावायची, नाहीतर ब्रेक धरून राहतात आणि गाडी उगाच ताणते. काम झालं की पिन काढायचीच. ती तशीच राहिली तर घाटात ट्रेलरला ब्रेकच नाही.

म्हणून आम्ही कन्व्हर्टरवाली घेतली. पण सगळ्यांनी तीच घ्यावी असं नाही. खानापूरकडचे आमचे एक पाहुणे सेंट्रिंगचं सामान नेतात. मोकळा रस्ता, दिवसातून दोनदाच थांबायचं, आणि ड्रायव्हर वीस वर्षांचा जुना. त्यांना मी मॅन्युअलच सांगितली. क्लच गेला तर आमच्याकडं संध्याकाळपर्यंत बसतो. कन्व्हर्टर गेला तर बाहेरगावी पाठवून आठ-दहा दिवस गाडी उभी. सीझनमध्ये ते परवडत नाही. ड्रायव्हर पगारी असेल, दर महिन्याला बदलत असेल, तर मात्र ऑटोमॅटिकचा विचार करा. नव्या माणसाच्या डाव्या पायावर कोणाचं लक्ष राहत नाही. उसाच्या ट्रॉलीवाल्यांना निवडच नाही, ट्रॅक्टर मॅन्युअलच. त्यांनी चढाच्या पायथ्यालाच गिअर ठरवावा, कारण जुन्या बॉक्समध्ये मध्येच बदलायला गेलं तर दात लागत नाहीत आणि ट्रॉली मागं येते. आणि रस्त्यावर डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही ब्रेक पेडल पट्टीनं जोडलेले असावेत.

घ्यायच्या आधी गाडी रिकामी चालवून काही कळत नाही. मी ट्रेलर घेऊन गेले होते, राजहंसगडाच्या चढावर. चढाच्या मध्यावर थांबायचं, हँडब्रेक लावायचा, निघायचं. असं दहा-दहा मिनिटांनी तीनदा. मॅन्युअल असेल तर तिसऱ्यांदा खाली उतरून पुढच्या चाकाजवळ वास घ्या. ट्रेलरचं वजन पुढं-मागं नीट असायला हवं. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा. आमचा जनरेटर पूर्वी मागं सरकवून बसवला होता, तेव्हा ट्रेलर शेपटी हलवायचा आणि आम्ही दोष गाडीला देत होतो.

गोव्याहून परत आले की दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जागेवर लावते. ज्या गाडीला गिअरच्या तेलाची पट्टी असते तिच्यात ती ओढून एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचा. आमच्या गाडीला पट्टी नाही, म्हणून मेस्त्रीकडून खालून काढून बघते. चांगलं तेल लालसर पसरतं. तपकिरी डाग पडला आणि जळका वास आला तर किलोमीटर मोजत बसत नाही, तेल बदलते. ट्रेलर नसता तर 60,000 किलोमीटरही थांबले असते. आमच्याकडं 40,000 ला बदलतो.