‘मैत्री’चं मासिक तापमान: गोव्यात बसून ध्रुवीय नोंदी हाताळणाऱ्या नवोदितांसाठी

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली. आज या मोहिमांचं नियोजन करणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रही वास्कोत, हेडलँड सड्यावर आहे. त्यामुळे इथं भौतिकशास्त्र, सागरी विज्ञान किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी एक साधा दिसणारा तक्ता येतो: डावीकडे वर्षं, वर बारा महिने, प्रत्येक चौकटीत त्या महिन्याच्या सरासरी तापमानाचा एक आकडा. प्रकल्पाचं काम इथून सुरू होतं आणि बहुतेकांची गाडी इथंच अडते. चौकटीतला आकडा किती वेधांवरून, म्हणजे ठरावीक वेळी घेतलेल्या किती नोंदींवरून काढलाय, हे ठाऊक नसेल तर पुढचा आलेख कितीही देखणा असला तरी तो फुकट आहे.

आधी स्थानकांची ओळख. ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं स्थानक १९८३-८४च्या मोहिमेत समुद्रावर तरंगणाऱ्या हिमथरावर उभं राहिलं आणि पुढं बर्फात गाडलं गेलं. ‘मैत्री’ १९८९ पासून शिरमाखर ओअॅसिस या बर्फमुक्त भूभागाच्या उघड्या खडकावर आहे, ‘भारती’ २०१२ पासून लार्समन टेकड्यांवर. पहिल्या दोघांच्या नोंदी सलग जोडून एक लांब मालिका करण्याचा मोह होतो. तो टाळा. हिमथरावर हवा एका तऱ्हेनं थंड होते, ऊन खाणाऱ्या काळ्या खडकावर दुसऱ्या तऱ्हेनं. जोडलेल्या मालिकेत दिसणारी ‘तापमानवाढ’ ही जागाबदलाची असते, हवामानाची नव्हे.

आता एक महिना उघडून पाहू. हवामान केंद्रांचे मुख्य वेध दर तीन तासांनी, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार घेतले जातात: ००, ०३, ०६ करत २१ पर्यंत, म्हणजे दिवसाला आठ. ३१ दिवसांच्या महिन्यात २४८ वेध. या २४८ची सरासरी ती मासिक सरासरी. हिशेब एवढाच, पण त्यात घुसणाऱ्या चुका बारीक असतात.

पहिली चूक वेळेची. फाइल भारतीय वेळेत बदलून घेतली की २१ यूटीसीचा वेध दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचचा होतो आणि महिन्याच्या शेवटचा वेध पुढच्या महिन्यात जातो. तासातासाच्या नोंदी असतील तर रोजचे पाच वेध असे सरकतात. सगळं काम यूटीसीतच करा. उलट पणजीच्या आल्तिनो वेधशाळेचं कमाल-किमान वापरताना ते सकाळी साडेआठला, म्हणजे ०३ यूटीसीला वाचलेलं असतं, हे ध्यानात हवं. त्या वेळी लिहिलेलं कमाल तापमान सहसा आदल्या दुपारचं असतं. कमाल आणि किमानाची बेरीज करून दोननं भागलेली सरासरी आणि आठ वेधांची सरासरी यांतही काही दशांशांचा फरक पडतो, म्हणून एकाच मालिकेत दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

दुसरी चूक चिन्हाची. वेधांचा जो सांकेतिक संदेश जगभर पाठवला जातो, त्यात तापमानाचा गट पाच अंकी असतो. पहिला अंक १, म्हणजे ‘हे हवेचं तापमान’. दुसरा अंक चिन्हाचा: ० म्हणजे अधिक, १ म्हणजे उणे. उरलेले तीन अंक म्हणजे दशांशासह तापमान. म्हणून १११३० म्हणजे उणे १३.० आणि १०१३० म्हणजे अधिक १३.०. एका अंकानं २६ अंशांचा फरक! गंमत अशी की महिन्यात असा एकच वेध चुकला तर सरासरी जेमतेम ०.१ अंशानं हलते, कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. दहा चुकले की एक अंश. गोव्यातल्या नोंदींवर शिकलेल्यांना उणे चिन्हाची सवय नसते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

तिसरी चूक ‘नोंद नाही’ या खुणेची. कुठल्या फाइलीत ती -९९९, कुठं ९९९९, कुठं -९९.९. पहिल्या दोन सरासरीत शिरल्या तर आकडा इतका विचित्र होतो की लगेच पकडला जातो. धोका आहे तो -९९.९चा. महिन्याची सरासरी उणे १३च्या आसपास असेल तर अशी एकच खूण २४८ वेधांत मिसळून सरासरी सुमारे ०.३५ अंशानं खाली ओढते, आणि तो महिना नुसता ‘थोडा थंड’ वाटतो.

चिन्हाच्या आणि खुणेच्या अशा चुकांवर उपाय एकच. सरासरीआधी प्रत्येक महिन्याचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेध छापून डोळ्यांनी पाहा. जुलैत अधिक १३ किंवा कधीही -९९.९ दिसलं की मूळ ओळ उघडा.

यानंतर नोंद नसलेल्या दिवसांचा प्रश्न, आणि इथं घाई करू नका. जागतिक हवामान संघटनेची २०१७ची मार्गदर्शक सूचना सांगते की महिन्यात ११ किंवा अधिक दिवस गायब असतील, किंवा सलग ५ किंवा अधिक दिवस गायब असतील, तर मासिक सरासरी काढू नये. सलग दिवसांची अट वेगळी का, हे एका उदाहरणात दिसतं. समजा ऑक्टोबरमध्ये दैनिक तापमान १ तारखेच्या उणे १६ पासून ३१ तारखेच्या उणे १० पर्यंत रोज ०.२ अंशानं चढत गेलं. खरी सरासरी उणे १३. पहिले दहा दिवस गायब झाले तर उरलेल्या २१ दिवसांची सरासरी उणे १२ येते: महिना एका अंशानं उबदार, आणि तोही फक्त कागदावर. तेच दहा दिवस महिनाभर विखुरलेले असते तर सरासरी जवळपास जागची हलली नसती. ध्रुवीय प्रदेशात वसंत आणि शरद ऋतूत तापमान झपाट्यानं बदलतं, म्हणून तिथं नोंदींतलं सलग खिंडार जास्त महाग पडतं.

शिवाय खिंडारं योगायोगानं पडत नाहीत. स्वयंचलित केंद्राची लेड-अॅसिड बॅटरी उणे २० अंशांत आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि जूनमध्ये ‘मैत्री’ला सूर्य उगवतच नसल्यानं सौर पॅनल काही देत नाही. बॅटरी मान टाकते ती निरभ्र, वारा पडलेल्या, सर्वांत थंड दिवसांत. तेच दिवस गळले की महिना उबदार दिसतो. हिमवादळात मात्र उलटं होतं. किनाऱ्याजवळच्या अंटार्क्टिकात हिवाळी वादळ बहुधा ढग आणि उबदार हवा घेऊन येतं. वादळामुळे वेध चुकले तर उबदार दिवस गळतात आणि महिना थंड दिसतो. म्हणून वाऱ्याचा आणि बॅटरीच्या व्होल्टेजचा रकाना तापमानाशेजारी ठेवूनच खिंडार वाचायचं. वीज गेल्यावर लॉगरचं, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळही मागं पडू शकतं किंवा मूळ तारखेवर जाऊ शकतं. तारखा चढत्या क्रमानं आहेत ना, एकच वेळ दोनदा आलीय का, हे तपासून घ्या.

उपकरणाबद्दल थोडं. पीटी-१०० या प्लॅटिनम सेन्सरचा विद्युत रोध ० अंशाला १०० ओहम असतो आणि अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमनं बदलतो. उणे १५ला तो ९४.१ ओहमच्या जवळ असतो. जोडणी दोन तारांची असेल तर ताराचा स्वतःचा ०.४ ओहम रोधही मोजला जातो आणि तापमान एका अंशानं जास्त दिसतं. म्हणून तारांचा रोध मोजणीतून वगळणारी चार तारांची जोडणी हवी, आणि सेन्सरच्या नोंदीत ती कधीपासून आहे हे शोधायला हवं. सेन्सरभोवतीची संरक्षक पेटी किंवा थाळ्यांचं आवरण जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतं. भोवती बर्फ साचला की ही उंची कमी होते. ताजा बर्फ बरंचसं ऊन परत फेकतो, ते खालून आवरणात शिरतं. वारा पडलेला असेल तर उन्हाळ्यात आकडा कित्येक अंशांनी फुगतो. आवरणात बर्फाचे कण गच्च बसले की हवा खेळत नाही आणि तापमानाची वक्ररेषा सपाट होते. सलग बारा तास दशांशापर्यंत तोच आकडा दिसला तर शंका घ्या. मात्र तासाभरात आठ-दहा अंशांची उडी दिसली म्हणून वेध खोडू नका. उतारावरून येणारा वारा असं खरोखर करू शकतो. वाऱ्याचा रकाना पाहा, शेजारी शंकेची खूण करा, मूळ आकडा तसाच ठेवा.

सर्वांत भक्कम पडताळा शेजाऱ्याचा. ‘मैत्री’ आणि रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया हे १९६१ पासूनचं स्थानक एकाच ओअॅसिसमध्ये, काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. दोघांच्या मासिक सरासऱ्यांची वजाबाकी करून तिचा आलेख काढा. दोन्हीकडे हवामान सारखंच बदलतं, त्यामुळे फरक जवळपास स्थिर राहायला हवा. तो एखाद्या महिन्यापासून पायरीसारखा बदलला तर सेन्सर, पेटी किंवा जागा बदलली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही स्थानकांचे मासिक तक्ते ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे सांभाळत असलेल्या ‘रीडर’ या संग्रहात खुले आहेत. सरावाची सुरुवात तिथूनच करा.

घरच्या सरावासाठी पणजी आणि मुरगाव या वेधशाळांची जोडीही उत्तम. गोव्यात सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्याच्या सरासरीत चारेक अंशांचाच फरक असतो, तर ‘मैत्री’ला तो पंधराहून जास्त. त्यामुळे ०.३ अंशाची चूक इथं चटकन खुपते. हात बसवायला हे बरं.

नोकरी किंवा प्रबंधासाठी येताना पायथन किंवा आर या संगणकभाषांपैकी एक नीट यायला हवं. स्प्रेडशीट फक्त पाहण्यापुरती, कारण तारखांचं रूप ती न विचारता बदलते. मूळ फाइल केवळ वाचण्यायोग्य करून वेगळी ठेवा. अंतिम तक्त्यात वर्ष, महिना आणि सरासरी यांच्यासोबत वेधांची संख्या, गायब दिवस, सर्वांत लांब सलग खिंडार आणि सेन्सरचा क्रमांक असे रकाने हवेतच. मुलाखतीत असा एक तक्ता पुढं ठेवलात तर दहा रंगीत आलेखांपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. प्रत्यक्ष मोहिमेवर जायचं असेल तर निवडीनंतर दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय तपासणी आणि औलीला इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाकडचं बर्फातलं प्रशिक्षण असतं. ‘मैत्री’वरचे वेध भारतीय हवामानशास्त्र विभागाचे कर्मचारी घेतात, तेव्हा वेध घेण्याचीच ओढ असेल तर त्या विभागाच्या भरतीकडे लक्ष ठेवा.